फोटो छापा, पण जोडाचं मापही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी इंजिनं जमवून स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या पोरांच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. त्या वाचून मला मनापासून आनंद होतो. आपल्या परभणी-जालन्याकडची पोरं गॅरेजच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन सीटची गाडी उभी करतात, ही साधी गोष्ट नाही. पण या बातम्यांत रंग असतो, वर उघडणारे दरवाजे असतात, खर्चाचा आकडा असतो आणि ‘ताशी १८० चा वेग’ असतो. इंजिन एका गाडीचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा, एवढं एका ओळीत उरकलेलं असतं. खरं काम त्या एका ओळीत आहे. ते काम ज्याच्या लेथवर होतं, त्यातला मी एक. वाळूज एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्यांचे सुटे भाग बनवून देण्याचं, छोटं युनिट आहे, म्हणून हे पत्र.

मागच्या उन्हाळ्यात परतूरकडचा एक पोरगा आला. वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. चौकोनी पाइपची चेसिस त्याने स्वतः वेल्डिंग करून बनवलेली, कोपरे काटकोनात, कौतुक करावं अशी. मारुती जिप्सीचा पाच गिअरचा बॉक्स आणि अपघातात गेलेल्या जुन्या होंडा सिटीचं दीड लिटरचं इंजिन त्याने भंगारातून उचललं होतं. ‘‘काका, फक्त दोन्ही जोडणारी मधली प्लेट बनवून द्या,’’ म्हणाला.

मी आधी इंजिन कोणत्या बाजूला फिरतं ते बघायला सांगितलं. होंडाची त्या पिढीतली इंजिनं पुलीच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. जिप्सीचा गिअरबॉक्स सरळ, म्हणजे घड्याळाच्या दिशेने, फिरणाऱ्या इंजिनासाठी आहे. तसंच जोडलं असतं तर गाडीला मागे जायला पाच गिअर आणि पुढे जायला एक मिळाला असता. यावर उपाय नाही असं नाही. १९६६ च्या लोटस युरोपा गाडीत रेनॉ १६ चं इंजिन आणि गिअरबॉक्स टोकं फिरवून सीटच्या मागे बसवले, तेव्हा हीच अडचण आली होती. त्यांनी क्राउन व्हील, म्हणजे चाकांना फिरवणारं मोठं दातेरी चाक, त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनच्या दुसऱ्या बाजूला नेलं. पण ते कारखान्याचं काम. आपण जिप्सीचा मागचा अॅक्सल उलटा करून बसवला, तर दात कायम चुकीच्या अंगावर भार घेणार आणि पिनियनच्या बेअरिंगला तेल पोचेल याचीही खात्री नाही. गिअरबॉक्समधले तिरक्या दातांचे गिअरही उलट बाजूला रेटत राहणार. पोरगा हिरमुसला, पण समजूतदार होता. होंडाचं इंजिन देऊन त्याने फोर्ड आयकॉनचं १.६ लिटरचं इंजिन आणलं. ते सरळ फिरतं.

प्लेट मात्र त्याने दुसरीकडून करून आणली. पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंची भोकं उमटवायची, पंच मारायचा आणि ड्रिल करायचं, ही गॅरेजची पद्धत. बोल्ट सगळे बसले, म्हणून प्लेट बरोबर आहे असं त्याला वाटत होतं. बोल्ट बसतात, कारण बोल्टच्या भोकात मोकळीक असते. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत धरण्याचं काम दोन डॉवेलचं, म्हणजे घट्ट बसणाऱ्या पिनांचं, आहे.

ते कसं तपासायचं हे मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण हे कुठल्याच बातमीत येत नाही. गिअरबॉक्स खोलून रिकामी केस प्लेटसकट इंजिनावर आवळायची. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टच्या) मागच्या फ्लँजला डायलचा, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणाऱ्या मापाचा, स्टँड पक्का करायचा आणि डायलचं टोक गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगच्या घरात टेकवायचं. स्पार्क प्लग काढून पुलीच्या नटाला पाना लावून क्रँक हाताने सावकाश फिरवायचा आणि वर, उजवीकडे, खाली, डावीकडे असं चारही ठिकाणी रीडिंग घ्यायचं. त्याच्या प्लेटवर काटा एका बाजूला शून्यावर होता, समोरच्या बाजूला ०.६२ मिलिमीटरवर गेला. डायल दुप्पट दाखवतो, म्हणजे दोन्हींचे मध्य ०.३१ मिलिमीटरने सरकलेले. या कामात डायलवर साधारण ०.१२ पर्यंतच चालवून घेतात.

पाव-अर्धा मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही, पण सहा हजार आरपीएमला क्लच प्लेट सेकंदाला शंभर वेळा तेवढी इकडून तिकडे ओढली जाते. आधी हबच्या स्प्रिंगा खुळखुळतात, मग स्प्लाइन (क्लच प्लेट शाफ्टवर बसवणाऱ्या खाचा) झिजतात, इनपुट शाफ्टचं बेअरिंग आवाज करायला लागतं, कधी चालता गिअर निसटतो. मालक क्लच प्लेट बदलतो, मेकॅनिक बेअरिंग बदलतो आणि दुखणं तिथेच राहतं.

आम्ही २० मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमची नवी प्लेट व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, केली. भोकांची जागा पुठ्ठ्यावरून घेतली नाही, दोन्ही केसवरून मोजून घेतली. डॉवेल शेवटी, डायल बघत बघत बसवले. काटा ०.०८ वर थांबला.

प्लेटची जाडीही मनाने ठरत नाही. प्लेट घातली की गिअरबॉक्स तेवढा मागे जातो आणि इनपुट शाफ्टचं टोक क्रँकपासून लांब राहतं. त्यात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या क्रँकमध्ये शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग बहुधा नसतंच. म्हणून क्रँकच्या मागच्या खोबणीत बसणारं गनमेटलचं पायऱ्यांचं बुश टर्न केलं. शाफ्टचं टोक त्यात नीट आत जायला हवं, पण तळाला टेकता कामा नये. टेकलं तर क्लच दाबला नसतानाही क्रँकला मागेपुढे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वॉशरवर रेटा येतो. क्लच प्लेटचा व्यास इंजिनाच्या प्रेशर प्लेटचा आणि स्प्लाइन गिअरबॉक्सचे. रिलीज बेअरिंगची उंची आणि स्टार्टरची रिंग गिअरशी पकड, ही जुळवाजुळव वेगळीच.

आता माझं खरं सांगणं. केसवरच्या भोकांची मापं अचूक घ्यायला सीएमएम, म्हणजे भागाला टोक टेकवून प्रत्येक बिंदूची जागा मोजणारं, मशीन लागतं. ते माझ्यासारख्याकडे नसतं. हा पोरगा आधी शहरातल्या एका मोजमाप केंद्रात दोन्ही केस टेम्पोत घालून घेऊन गेला होता. ‘कंपनीचं पत्र आणि जीएसटी नंबर आणा’ म्हणून त्याला फाटकावरूनच परत पाठवलं. तो फुकट करून मागत नव्हता, पैसे देणार होता. त्यानंतर त्याने पुठ्ठा वापरला, यात त्याला काय बोल लावायचा? शेवटी एका ओळखीच्या टूलरूमवाल्याने पाळी संपल्यावर मापं घेऊन दिली. ओळख नसलेल्यांनी काय करायचं?

आपल्या शहरात काय कमी आहे? १९८५ पासून वाळूजला बजाजच्या गाड्या बनतात, शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे, चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे, वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. माझी या संस्थांना हात जोडून विनंती आहे: महिन्यातला एक दिवस वैयक्तिक कामासाठी ठेवा. वाजवी फी घ्या, आधार कार्ड बघा, नाव लिहून घ्या, पण सुटा भाग घेऊन आलेल्याला आत येऊ द्या. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या पोरांना क्रँकवर डायल लावून हा जोड एकदा तरी स्वतःच्या हाताने तपासू द्या.

आणि आपल्या वार्ताहरांना विनंती. पुढच्या वेळी अशा गाडीची बातमी कराल तेव्हा प्लेट कुणी केली आणि डायलवर किती आलं, हे विचारा आणि छापा. ज्या टर्नरने बुश केलं त्याचंही नाव द्या. गाडी कुठे चालवणार हेही विचारा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये नोंदणीच्या गाडीत मनाने बदल करायला मनाई आहे, आणि घरी बनवलेली नवी गाडी मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीशिवाय रस्त्यासाठी नोंदली जात नाही. ‘बीड बायपासवर १२० ने पळवली’ असं कौतुकाने छापून आलं, तर उद्या त्याच पोराच्या दारात आरटीओ उभा राहील. परतूरच्या पोराला मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. त्याची गाडी वडिलांच्या मोकळ्या प्लॉटवर फिरते, ट्रॅकवर जायचं झालं तर टेम्पोवर चढवून नेणार आहे.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दुपारी माझी शेड उघडी असते. डायल, मॅग्नेटिक बेस आणि समतल टेबल तिथे आहे. ज्याला आपली प्लेट तपासून घ्यायची आहे, त्याने गिअरबॉक्सची केस रिकामी करून, धुऊन आणावी. तपासायचे पैसे नाहीत.

आपला,
एक जॉबवर्कवाला वाचक
वाळूज, छत्रपती संभाजीनगर