सातपूरच्या मिस्त्रींना, मनापासून

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

‘नाव कशाला, काम सांगा,’ असं तुम्हीच म्हणालात, म्हणून नाव लिहीत नाही. कामच सांगते. हल्ली माझी चित्रं बघून लोक विचारतात, ‘ही स्टाइल कुठून आली?’ त्याच्या उत्तराचा मोठा भाग तुमच्या गॅरेजात आहे. ते चार लोकांना कळावं म्हणून हे पत्र उघड लिहितेय.

नाशिकमध्ये चित्रकला शिकणाऱ्याचा हात बसतो तो गोदाघाटावर. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांच्या जलरंगांनी या घाटाला दिलेलं रूप आमच्या डोळ्यांत इतकं मुरलंय, की कागद ओला केला की ऊन-सावल्या आपोआप तशाच उतरतात. माझी निसर्गचित्रं लोकांना आवडायची, विकलीही जायची. मग 2019च्या ऑगस्टमधला पूर ओसरल्यावर घाटावर गेले आणि पाण्याऐवजी पायऱ्याच दिसायला लागल्या. काळ्या दगडावर गाळ, गाळाखाली शेवाळ, त्याखाली जुना चुना, मध्येच कुणीतरी कधीतरी मारलेला ऑइलपेंट. जलरंगात थरावर थर देता येतो, पण खालचा थर हवा तसा उकरून वर काढता येत नाही. मला ते उकरणंच हवं होतं.

त्याच सुमारास चेपलेलं दार दुरुस्त करायला गाडी तुमच्याकडे आणली. लांबी (पुट्टी) भरून, प्रायमर मारून तयार झालेल्या दारावर तुम्ही काळ्या रंगाचा अगदी हलका फवारा मारलात. ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळलात आणि पाणी मारत घासायला लागलात. उंच भागावरचा काळा लगेच निघाला, खोलगट जागी तेवढा राहिला. ‘काळं राहिलं तिथे खड्डा आहे, ताई.’ मग तुम्ही मान दुसरीकडे वळवलीत आणि दारावरून नुसता तळवा फिरवलात. डोळ्यांवर विसंबायचं नाही, म्हणालात.

तुमच्या दृष्टीने तो उरलेला काळा म्हणजे बाकी राहिलेलं काम. मला त्यात माझा घाट दिसला.

त्यानंतर मीही रंगाचे थर चढवून, ते घासून चित्रं करायला लागले. गिऱ्हाइकाची कामं सांभाळून तुम्ही मला जो वेळ दिलात, त्याचे हे आभार. ताणलेला कॅनव्हास दाबाखाली वाकतो, मागच्या चौकटीच्या रेघा वर उमटतात, म्हणून प्लायवूड घ्यायला लावलंत. अ‍ॅक्रिलिक वरून लवकर सुकतं, पण आत कच्चं असतं; घाई केली की पेपर चोंदतो आणि रंग सायीसारखा निघून येतो. पावसाळ्यात तर दिवसच्या दिवस थांबायचं. पेपर नुसत्या बोटांनी धरला की बोटांचे चर पडतात, मागे ठोकळा हवाच. थर उघडायला 220 नंबर, मग 400, शेवटी 600. रंगाची पूड छातीत जाऊ नये म्हणून घासाई ओलीच करायची, आणि कॅडमियमचे विषारी रंग तर त्या कामाला नकोतच, हे माझ्याकडून कळल्यावर तुम्ही दर वेळी डबीवरचं नाव वाचून घ्यायला लागलात. एवढी काळजी कोण करतं?

तुम्ही एकदा विचारलं होतंत, मोठे चित्रकारही अशी हत्यारं वापरतात का? वापरतात, काका. वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत आणि उतरवत. प्रभाकर बरवे यांनी कॅनव्हासवर एनॅमल वापरला, तुमच्या ओळखीचाच रंग. जर्मनीचे गेरहार्ड रिश्टर लांबलचक पट्टीने ओला रंग ओढत, तेव्हा खालचे थर फाटून वर येत. ही हत्यारं बाजारात कुणालाही मिळतील. त्यांना जे बघायचं होतं ते दुसऱ्या कशाने दिसत नव्हतं, म्हणून ते वर्षानुवर्षं त्यालाच धरून राहिले. चित्रकार सय्यद हैदर रझा 1950 साली पॅरिसला गेले. त्यांची ओळख बनलेला गोल, म्हणजे बिंदू, चित्राच्या मध्यभागी ठाण मांडून बसला तो 1980च्या आसपास, वयाची पन्नाशी उलटल्यावर. त्यामुळे विशीतल्या पोरांना ‘आधी स्वतःची स्टाइल पक्की कर’ असं कुणी सांगितलं की मला राग येतो. ती पोरं मग एक युक्ती धरतात आणि सगळ्या चित्रांना तीच फासत सुटतात.

गाडी कुठलीही येवो, तुम्ही आधी पत्रा बघता, मग पेपरचा नंबर ठरवता. मी तेवढंच उचललंय. आधी पायरी बघते. कुठली नुसती पाण्याने झिजलेली, कुठली गाळाने भरलेली, कुठलीवर शेंदूर सांडलेला. त्यावरून कुठला थर खाली घालायचा आणि कुठवर घासायचं ते ठरतं. म्हणून दोन चित्रं एकाच हाताची वाटतात, पण सारखी होत नाहीत.

आता जुन्या वाड्यांचे लाकडी खांब करायला घेतलेत, तेही गोल पृष्ठभागावर. तिथे ठोकळा चालत नाही. मडगार्डच्या गोलाईला तुम्ही पेपरमागे काय धरता, ते बघायचंय. शनिवारी दुपारी येते. एक फळी सोबत आणते, तिच्यावरून तळवा फिरवून सांगा.

तुमची,
गोदाघाटावरची ताई