जत्रेतल्या पोरांच्या कुस्त्या उरकू नका

संपादक साहेब, नमस्कार. चैत्र-वैशाखात गावोगावी जत्रा चालू आहेत, हलगी कडाडली की मुंबई-पुण्याला गेलेली मंडळी पण कुस्तीच्या फडाभोवती येऊन बसतात, लई भारी वाटतं. पण नारळाच्या, रेवड्यांच्या बक्षिसावरच्या लहान पोरांच्या कुस्त्या भर दुपारी तापलेल्या मातीत उरकून घेतात, पोरगं लंगोट लावून उन्हात ताटकळतंय आणि माईकवर पाहुण्यांचे फेटे-नारळ चालूच. १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत ब्राँझ मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, अशाच मातीतले. यात्रा कमिट्यांनी पोरांच्या कुस्त्या ऊन उतरल्यावर लावाव्यात, पाणी आणि डॉक्टर फडाजवळच ठेवावेत आणि मुलींच्या जोड्या पण लावाव्यात, आमच्या तालमीत मुली रोज पहाटे जोर-बैठका मारतात.

- एक कुस्तीप्रेमी वाचक, जि. सातारा