आई, तू माटोळीचं बोललीस ते

आई, बाबा, नमस्कार.

फोन न करता टाईप करून पाठवतेय म्हणून घाबरू नका, सगळं ठीक आहे. तब्येत बरी आहे, हीटर चालतो, जेवण वेळेवर होतं. मागच्या व्हिडीओ कॉलला गाल बसलेत म्हणालीस ना, ते रात्रपाळी करून नुकतीच आले होते म्हणून, वजन आहे तेवढंच आहे, वॉर्डातल्या काट्यावर बघितलंय. आणि रात्री एकटी येत नाही गं, आम्ही तिघी असतो ट्रेनमध्ये. रविवारचा फोन तासभर उशिरा आला तो मी विसरले म्हणून नाही. इथे जर्मनीत ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात, म्हणजे आपल्यातलं साडेतीन तासांचं अंतर आता मार्च अखेरीपर्यंत साडेचार तास. सोप्यावर फोन घेऊन बसशील तर हे लक्षात ठेव.

इथली एक गोष्ट मात्र तुला नीट सांगायलाच हवी, खिडक्यांची. हे लोक सकाळी उठल्या उठल्या घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडतात, बाहेर दोन डिग्री असो नाहीतर बर्फ असो. हीटर बंद करायचा, पाच-दहा मिनिटं वारा आरपार जाऊ द्यायचा, मग खिडक्या लावून परत हीटर चालू. दिवसातून दोन-तीनदा, शिवाय आंघोळ झाली की, स्वयंपाक झाला की. बऱ्याच ठिकाणी घरभाड्याच्या करारातसुद्धा लिहिलेलं असतं. कारण असं की घरं अगदी घट्ट बंद, आंघोळीची-स्वयंपाकाची वाफ आतच राहते आणि थंड भिंतीवर तिचं पाणी होतं, मग बुरशी. आपल्याकडे पावसात कपाटातल्या चपलांवर येते ना, तशी इथे ऐन थंडीत भिंतीवर येते. बाहेरची थंड हवा आपल्याला दमट वाटते पण तिच्यात वाफ कमीच असते, आत येऊन तापली की कोरडी होते. मला पहिले दोन महिने हे पटलंच नव्हतं, आता मीच सगळ्यांच्या आधी उघडते.

तर एकदा माझी रूममेट सकाळी म्हणाली, "बाथरूमची खिडकी बंद होती." एवढंच बोलली आणि कामावर गेली. आदल्या रात्री मी तू दिलेल्या सुकटाची किसमूर केली होती. मला वाटलं हिला वास आवडला नाही, मी घाणेरडी राहते असं हिला म्हणायचंय, मी इथे नकोय. चार दिवस मी ती घरी यायच्या आत जेवून खोलीत जात होते. तुला सांगितलं नाही, उगीच काळजी करशील म्हणून.

त्याच आठवड्यात कोर्समध्ये पेशंटशी कसं बोलायचं याचा वर्ग होता. इथे नर्सिंगला हा विषयच असतो. शुल्झ फॉन थुन नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते, इथल्याच हॅम्बुर्ग विद्यापीठात, १९८१ साली त्यांनी मांडलं की कुठल्याही वाक्याला चार बाजू असतात आणि ऐकणाऱ्याला चार कान. एक कान माहिती ऐकतो, दुसरा बोलणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते, तिसरा आपल्या दोघांचं नातं, चौथा समोरच्याला माझ्याकडून काय हवंय ते. शिक्षिकेने वाक्य दिलं, "सिस्टर, पाणी संपलंय." कोणी ऐकतं ग्लास रिकामा आहे, कोणी ऐकतं मला एकटं वाटतंय, कोणी ऐकतं तुम्ही लक्ष देत नाही, कोणी नुसतं उठून पाणी आणतं. संध्याकाळी मी रूममेटला सरळ विचारलं, तुला काय म्हणायचं होतं? ती म्हणाली, खिडकी बंद राहिली तर बुरशी येईल. संपलं. किसमुरीचा वास तिला आलाही नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही आई, कारण मला चवथीचा फोन आठवला, गणपतीच्या वर फळं-पानांची माटोळी बांधतात तेव्हाचा. तू म्हणालीस, "यंदा माटोळी बाबांनी एकट्यानेच बांधली." आणि मी काय बोलले, मग मी काय नोकरी सोडून येऊ? तू म्हणालीस, बरं ठेवते, आणि मी अकरा दिवस फोन केला नाही.

मी फक्त तो तिसरा कान लावला होता, मुलगी असून आली नाहीस, असा टोमणाच ऐकला. बाकीचं आता ऐकतेय. बाबा सहासष्टाव्या वर्षी स्टुलावर चढून सुपारीचे घोस नि कांगलां बांधत होते, दरवर्षी स्टूल मी धरते आणि यंदा ते कोणी धरलं मी विचारलंसुद्धा नाही. तुला तेव्हा भीती वाटली होती का? की घर रिकामं वाटलं? की नुसती बातमी होती? वर्गात सांगितलं की चारातलं नेमकं कुठलं ते ऐकणाऱ्याने ठरवायचं नसतं, विचारायचं असतं. रूममेटला विचारणं सोपं होतं गं, ती सांगते. आपल्या घरी विचारलं की तू म्हणतेस "काही नाही, सहजच", आणि त्या सहजच पुढे मला काहीच ऐकू येत नाही. म्हणून लिहून विचारतेय.

ते अकरा दिवससुद्धा. वाट्झलाविक म्हणून एक होते, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९६७ मध्ये मांडलंय की माणसाला निरोप न देणं जमतच नाही, गप्प बसणं हाही निरोपच. मी काहीच बोलत नव्हते असं मला वाटत होतं, तुम्हाला काय पोचलं असेल ते आता कळतंय, चूक झाली माझी. आणि बाबा, तुम्ही "घे, आईशी बोल" म्हणून फोन देता, पण कॉल संपेपर्यंत तुमचं कोपर स्क्रीनच्या कडेला दिसत असतं. मला ते दिसतं, हे तुम्हाला सांगायचं होतं.

आता कामाचं. या महिन्यात तीनशेऐवजी दोनशे युरो पाठवलेत, परीक्षेची फी भरावी लागली. कौलांचं काम थांबवू नका, उरलेले डिसेंबरात नक्की पाठवते, मी इथे काही पोट मारत नाहीये. परीक्षा फेब्रुवारीत, मग शिगम्याला यायचा विचार आहे, तिकीट काढलेलं नाही म्हणून आजीला आत्ताच सांगू नको.

आणि फोंड्याच्या स्थळाचं. मी "बघू" म्हटलं होतं, मावशीने त्याचा अर्थ हो असा घेतला असं दादाकडून कळलं. ते बघू म्हणजे नाही होतं आई. मुलगा चांगला असेल, राग कोणावरच नाही, पण ही परीक्षा होऊन पक्की नोकरी लागेपर्यंत मला लग्न करायचं नाहीये, आणि त्यानंतरही आधी मला विचारून मग कोणाला शब्द द्या. मावशीला कसं सांगायचं ते तुझ्यावर टाकतेय, जड जाईल माहितीये, नाहीतर रविवारी मीच तिला फोन करते.

स्टूल कोणी धरलं ते कळव. बाबांना टाईप जमत नसेल तर कागदावर लिहून फोटो पाठवू देत.

तुमची बाय