लेकीच्या डोळ्यांसाठी झटलेल्या ऑप्टोमेट्रिस्ट मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

लेकीला केरॅटोकोनस हा डोळ्यांचा आजार आहे हे कळलं तेव्हा आमचे हातपाय गळाले होते. चष्म्याचा नंबर सारखा बदलत होता, नव्या चष्म्यातूनही फळ्यावरची अक्षरं दुहेरी दिसायची, वर 'अभ्यासाची टाळाटाळ करते' हे ऐकून घ्यावं लागायचं ते वेगळंच.

हे असं का होतं, ते आम्हाला उमजेल अशा शब्दांत तुम्ही सांगितलंत. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. तोच वेडावाकडा झाल्यावर चष्म्याचं काही चालत नाही. आरजीपी ही कडक लेन्स बसवली की तिच्या आणि कॉर्नियाच्या मध्ये अश्रूंचा थर राहतो. त्याने उंचसखलपणा भरून निघतो, आणि प्रकाशाला लेन्सचा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो.

पहिल्याच लेन्सने तिने तक्त्यावरच्या बारीक ओळी वाचल्या. मला तेवढ्यानेच भरून आलं होतं. तुम्ही मात्र डोळ्यात फ्लुरोसिन हा चमकणारा रंग घालून निळ्या प्रकाशात पुन्हा पाहिलंत आणि मलाही दाखवलंत: कडेला अश्रू हिरवेगार चमकत होते, मधोमध काळा ठिपका. "इथे लेन्स टेकतेय. आज दिसतंय छान, पण रोज घासून व्रण पडेल." ती लेन्स तुम्ही परत केलीत, दुसरी मागवलीत. मॅडम, या एका गोष्टीसाठी मी तुमचे आभार कसे मानू?

लेन्सने आजार थांबत नाही, त्यासाठी सी३आर, म्हणजे कॉर्निया बळकट करणारा उपचार, लागेल, हेही तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत. ते झालं. डोळे चोळायचे नाहीत, लेन्स घालून झोपायचं नाही, कारण कॉर्नियाला रक्तवाहिन्या नसतात, तो बराचसा ऑक्सिजन हवेतूनच घेतो. नळाच्या पाण्यात अकँथामिबा हा डोळ्याला घातक सूक्ष्मजीव असू शकतो, म्हणून लेन्सला ते लावायचं नाही. लेक हे सगळं आता आम्हालाच बजावते! एसटीची पाटी लांबून वाचते, रात्री दिव्यांभोवती दिसणारे फराटेही खूप कमी झालेत.

पत्र जाहीर लिहितेय ते इतर आईवडिलांसाठी. मुलांचा सिलिंड्रिकल नंबर वरचेवर बदलत असेल, ती सारखे डोळे चोळत असतील, तर कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी, करायची का, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

आपली ऋणी,
एक आई