‘युलिसिस’ निघाले ते दुकान वेगळे

संपादक महोदय,

रविवार पुरवणीत पॅरिसमधील लेखकांच्या अड्ड्यांवरील लेखासोबत नोत्रदाम चर्चसमोरच्या ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ या पुस्तकांच्या दुकानाचे छायाचित्र आहे आणि आयरिश लेखक जेम्स जॉइस यांची ‘युलिसिस’ ही कादंबरी येथूनच निघाली, असे खाली म्हटले आहे. ते दुकान जॉर्ज व्हिटमन यांनी १९५१ साली ‘ल मिस्त्राल’ या नावाने उघडले. आजचे नाव त्याला १९६४ मध्ये मिळाले. ‘युलिसिस’च्या प्रकाशक सिल्व्हिया बीच यांचे याच नावाचे दुकान ओदेऑन रस्त्यावर, १२ क्रमांकाला होते आणि ते १९४१ मध्येच बंद पडले.

लेखात बीचबाईंच्या धाडसाचे कौतुक आहे. ते रास्तच, पण त्यामागचा हिशेबही सांगायला हवा होता. त्यांचे दुकान मुख्यतः वर्गणीवर चालणारे इंग्रजी वाचनालय होते. कादंबरी छापण्याइतके भांडवल कुठून असणार? म्हणून त्यांनी आधी ग्राहकांच्या मागण्या नोंदवून घेतल्या. एकूण १००० प्रती: हातकागदावरच्या, जॉइस यांच्या सहीच्या १०० प्रती प्रत्येकी ३५० फ्रँकला, मधल्या दर्जाच्या कागदावरच्या १५० प्रती २५० फ्रँकला आणि साध्या ७५० प्रती १५० फ्रँकला. सगळ्या खपल्या तर १,८५,००० फ्रँक. फ्रान्समधल्याच दिजाँ शहरातले मुद्रक दारांतिएर यांनी मागणीदारांचे पैसे येईपर्यंत थांबायचे कबूल केले, म्हणून हे जमले.

खर्च वाढला तो प्रुफांत, म्हणजे छपाईआधी तपासायच्या कच्च्या पानांत. जॉइस यांनी जवळजवळ एक तृतीयांश मजकूर प्रुफांवरच वाढवला. हातजुळणीत, म्हणजे खिळे हाताने जुळवताना, चार ओळी वाढल्या की पुढची पाने सरकवावी लागतात आणि एक चूक काढताना दुसरी शिरते. त्यात जुळाऱ्यांना इंग्रजी येत नव्हते. पहिल्या आवृत्तीत मुद्रणदोषांबद्दल दिलगिरीची टीप आहे, तिचे कारण हेच. पहिल्या दोन प्रती २ फेब्रुवारी १९२२ रोजी, जॉइस यांच्या चाळिसाव्या वाढदिवशी, दिजाँहून रेल्वेने आल्या.

लेखकांनी या दुकानातून नुसते घेतलेच असेही नाही. १९३६ मध्ये ते डबघाईला आले तेव्हा फ्रेंच लेखक आंद्रे जीद यांच्या पुढाकाराने मित्रमंडळ स्थापन झाले. वर्षाला २०० फ्रँक भरणाऱ्या सभासदांपुढे जीद, व्हालेरी, एलियट, हेमिंग्वे यांनी तिथेच वाचन केले. वाचनालयाची वर्गणीदार-कार्डे आज प्रिन्स्टन विद्यापीठात आहेत आणि इंटरनेटवर पाहता येतात. हेमिंग्वे यांनी कोणते पुस्तक केव्हा नेले आणि केव्हा परत केले, हे त्यांत तारखेसह सापडते. लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर तो या कार्डांवरच लिहावा.

– एक वाचक, पुणे