‘व्यक्तिमत्त्व गुणविशेष’ या रकान्याबद्दल शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

वर्ष संपत आलं की आम्ही शिक्षक प्रत्येक मुलाच्या प्रगतिपत्रकातल्या वर्णनात्मक नोंदी भरायला बसतो. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे मुलाला वर्षभर सगळ्या अंगांनी जोखण्याची पद्धत, 2010 मध्ये आलं, त्यातलाच ‘व्यक्तिमत्त्व गुणविशेष’ हा रकाना. काय लिहायचं याच्या तयार वाक्यांची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरत असते. पटसंख्या मोठी, त्यात ऑनलाइन माहिती भरायचा तगादा. मग वाक्यं जशीच्या तशी उतरतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती वर्गातली दादागिरी या रकान्यात बेमालूम लपते याबद्दल.

मधल्या सुट्टीत मॉनिटर एका मुलाचा डबा उघडतो, भाजीचा वास घेऊन नाक मुरडतो, आणि भोवतीची पाच-सहा पोरं खिदळतात. हे रोजचं. मॉनिटरच्या नावापुढे नोंद पडते ‘नेतृत्वगुण आहेत’. ज्याचा डबा उघडला त्या मुलापुढे ‘अबोल आहे, इतरांत मिसळत नाही’. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, गोम तिथेच आहे. पालक भेटायला आले की त्यांना सांगायचं, तुमचा मुलगाच जरा शामळू आहे, त्याला धीट करा.

स्वभावाचा संबंध नाही असं मी म्हणत नाही. इतरांविषयी कणव कमी आणि स्वतःवर ताबा कमी असलेली मुलं त्रास देण्याकडे जास्त झुकतात. चिंताळू, एकलकोंडी मुलं जास्त भरडली जातात, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण भीती आधी की छळ आधी? छळानेही मूल भित्रं होतं. आणि दादागिरी करणारा पोरगा आतून घाबरट असतो ही आपली लाडकी समजूत मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी तपासली, तेव्हा ती टिकली नाही. त्यातल्या बहुतेकांना स्वतःबद्दल कसलाही न्यूनगंड नव्हता. मग ‘त्याला प्रेमाने समजवा’ एवढ्यावर काय भागणार?

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते फिनलंडमधलं काम. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये मांडलं की छळात म्होरक्या असतो, साथीदार असतात, हसून चिथावणारे असतात, बघून न बघितल्यासारखं करणारे असतात आणि मध्ये पडणारेही असतात. पुढे 2010 च्या एका अभ्यासात दिसलं की बुजऱ्या मुलांना धोका सगळ्या वर्गांत सारखा नसतो. हसणारे जास्त आणि मध्ये पडणारे कमी, अशा वर्गांत तो सर्वाधिक. म्हणजे तेच बुजरं मूल एका तुकडीत सुखाने शिकेल आणि शेजारच्या तुकडीत रडकुंडीला येईल. फिनलंडने साल्मिवालींच्या या भूमिकांच्या मांडणीवर बेतलेला ‘किवा’ हा दादागिरीविरोधी कार्यक्रम 2009 पासून देशभर नेला. त्यात नुसत्या म्होरक्याला नाही, सगळ्या वर्गाला कामाला लावतात.

आपल्याकडे उपाय म्हणून तक्रारपेटी. ती मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर, सगळ्यांच्या नजरेसमोर. जो मुलगा वर्गात तोंड उघडत नाही, तो तिथे चिठ्ठी टाकायला जाईल?

सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं आहे. ही पदं कृपया मंजूर करा. ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून चित्रकलेच्या सरांच्या गळ्यात ते काम मारू नका. केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतले शिक्षक एकत्र बसतात त्या बैठकीत, एक तास तरी हसणाऱ्या पाच-सहा पोरांचं काय करायचं यावर होऊ द्या. आणि तो रकाना बदला. मुलगा कसा ‘आहे’ हे विचारण्याऐवजी तो डबा कोणाबरोबर खातो, खेळताना त्याला कोण संघात घेतं, दुसऱ्याला त्रास होताना तो काय करतो, एवढं विचारा. ही वाक्यं पीडीएफमधून उतरवता येणार नाहीत; मधल्या सुट्टीत स्टाफरूममधून उठून वऱ्हांड्यात यावं लागेल. आम्ही येऊ. त्या बदल्यात एखादी ऑनलाइन लिंक तेवढी कमी करा.

आपला नम्र,
सातवीचा एक वर्गशिक्षक