वळिवात धावून आलेल्या अनोळखी मंडळींचे आभार
आमचे वडील आज 82 वर्षांचे आहेत आणि कळत्या वयापासून एकही वैशाख त्यांनी रातांबे (कोकमाची फळे) फोडल्यावाचून जाऊ दिलेला नाही. साल फळांच्याच मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा त्याच रसात बुडवायची, अशी पुटांवर पुटे चढली की लालभडक साल काळपट, मऊ आमसूल होते. (ड्रायरचा विषय काढला की ते शांतपणे चष्मा पुसत बसतात.)

गेल्या मंगळवारी, चौथे पूट खळ्यात वाळत असताना आणि घरी ते एकटेच असताना, वेंगुर्ल्याकडे अचानक वळीव कोसळला. त्या वेळी रस्त्याकडेला दुचाक्या थांबवून न बोलावता आत आलेल्या दोन तरुणांनी आणि एका ताईंनी चटया उचलून पडवीत आणल्या, आगळाच्या (त्याच खारट रसाच्या) बरण्यांवर झाकणे घातली, इतकेच नव्हे तर मुठेलासाठी (कोकमाच्या घट्ट तेलासाठी) ठेवलेल्या बियाही गोळा केल्या. पाण्याचा घोटही न घेता आणि नावे न सांगता आपण निघून गेलात.

आम्हा सर्व कुटुंबीयांतर्फे आपले मनःपूर्वक आभार. हातांवरचे डाग एव्हाना गेले असतील. आमसूल तयार आहे, आपला वाटा वडिलांनी स्वतः बाजूला काढून ठेवला आहे.